डावा स्पीकर

गणपती विसर्जन झालं, मांडवांचे बांबू निघाले, की गावावर एक निराळीच शांतता उतरते. श्रीरामपूरच्या पेठेत कापड दुकानदार भरदुपारी गादीवर लवंडलेले दिसतात. सोनाराकडचा पंखा रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत असतो. पितृपक्ष लागलेला असतो. ह्या पंधरवड्यात कुणी नवं काही घेत नाही, लग्नाचं बोलत नाही, पायाचा दगड ठेवत नाही. जिवंत माणसांनी जरा बाजूला सरून बसायचं, कारण गेलेली जेवायला येणार असतात. कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवरून दुपारी कावळ्याला हाक ऐकू येते आणि ती हाक इतकी घरगुती असते, की पोराला जेवायला बोलावतोय असंच वाटावं.

लहानपणी मला ह्या दिवसांची भीती वाटायची. आता वाटत नाही. पण पंधरवडा आला की गाडीचं दार उघडल्यावर मी जराशी थांबते, डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघते आणि मगच बसते. बाकी वर्षभर असलं काही करत नाही. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी बाई आहे मी, माझी मलाच लाज वाटते.

बघते ते ह्यांच्यासाठी; हे म्हणजे माझे यजमान. शेती खात्यात होते, गावोगाव फिरतीची नोकरी. गाडी त्यांची. पांढरी, लहानशी, जुनी. घेतली तेव्हा जुनी नव्हती, आमच्याबरोबर झाली. ह्यांनी तिला जितकं पुसलं तितकं मला आयुष्यात विचारलं असतं तर माझा संसार सोन्याचा झाला असता, असं मी चारचौघांत म्हणायची आणि हे हसायचे. श्रावणात एका सकाळी चहा पिता पिता गेले. कप खाली ठेवला, बशी तिरकी झाली, संपलं.

दहाव्याला प्रवरेच्या काठी सगळी भावकी जमली होती. पावसाची सर येऊन गेली होती आणि मागोमाग असं कडक ऊन पडलं होतं की ओली वाळू वाफाळत होती. पिंड मांडले. कावळे होते, समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली येईना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं असतं आणि तसं वचन मोठ्यानं द्यायचं असतं. मग सुरू झालं. कुणी म्हणालं, लेकीचं लग्न चांगल्या घरी करू. कुणी म्हणालं, विहिरीच्या पाण्यावरून भांडणार नाही. कावळे ढिम्म. माझं तोवर अर्धं डोकं चढलं होतं. अर्धशिशी माझी जुनी, नेहमी डावीकडची. उन्हात बसवेना म्हणून नणंदेनं मला हाताला धरून गाडीत नेऊन बसवलं, माझ्या नेहमीच्या डाव्या सीटवर, दार उघडं ठेवून. तिथून मी बघत होते.

तेवढ्यात धाकटे दीर पाण्यात उभे राहून म्हणाले, "दादा, वहिनीला अंतर देनार न्हाई."

कावळ्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

लोक कुजबुजू लागले. भाऊजींनी इकडे तिकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि हात जोडून म्हणाले, "दादा, तुजी गाडी इकनार न्हाई. दारातच ऱ्हाईल." शब्द तोंडातून पुरता बाहेर पडला नसेल, एक कावळा सरळ खाली आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. बायकांनी डोळे पुसले. सगळ्यांना हायसं वाटलं. मी गाडीत बसल्या बसल्या दगड झाले.

खरं सांगायचं तर ह्यांच्या जाण्यापेक्षाही हे मला जास्त लागलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि माझं नाव घेतलं तर काही नाही, गाडीचं नाव घेतलं तर लगेच हजर. सवत अशी चार चाकांची असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कुणाजवळ बोलताही येईना. लेक पुण्याला, तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तो कावळा होता." मला ठाऊक आहे कावळा होता. पण ठाऊक असणं आणि मनातून जाणं ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

विकायची नाही म्हटल्यावर गाडी दारात उभी. रोज सकाळी दार उघडलं की समोर तीच. मग मी चालवायला शिकले, ह्या वयात. शिकवणारा मला "काकू, क्लच, क्लच" असं इतकं ओरडून सांगायचा की झोपेतही ऐकू यायचं. शाळा नेवाशाच्या रस्त्यावरच्या गावात, तिथवर आपली आपण जायला लागले. शाळेतली पोरं फाटकाशी उभी राहून बघायची, बाईंना गाडी उभी करता येते का. बहुतेक वेळा यायची नाही.

आणि मग गाडीनं आपले रंग दाखवायला सुरुवात केली.

आधी बडीशेप. थंडीच्या दिवसांत काचेवरची वाफ जावी म्हणून पंखा लावला, तर झरोक्यातून बडीशेपेचा वास आला. ह्यांना जेवणानंतर बडीशेप लागायची, शर्टाच्या खिशात कायम. मी पंखा बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा तोच वास. मग उन्हाळ्यात एकदा शाळेच्या आवारात गाडी उभी होती, किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि खिडकीतून बघते तर डेकचा निळा दिवा लागलेला. मी जवळ गेले तसा विझला.

तिसरी गोष्ट गुणगुणण्याची. गाडीत गाणं लागलं की हे गुणगुणायचे. तोंड मिटून, नाकातून, सुराच्या जरा खाली आणि गाण्याच्या जरा मागून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मोकळ्या गळ्यानं म्हणायचे, पुढे कधीतरी तोंड मिटलं. मला वाटलं, वयानं. आमच्या गाडीला दोनच स्पीकर, पुढच्या दोन दारांत एकेक. त्यातला डावा, माझ्या बाजूचा, बंद पडून वर्षं झाली होती. मी सारखी मागे लागायची, "अहो, तो दुरुस्त करा, मला मेलं काही ऐकू येत नाही." हे म्हणायचे, "करू की." ह्यांचं 'करू की' म्हणजे काय ते आमच्या घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात, शाळेतून परत येताना, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला, वारा नाही, दुसरी गाडी नाही, माणूस नाही, उजव्या स्पीकरवर जुनं गाणं चाललेलं, आणि डावीकडून गुणगुण आली. हळू, तोंड मिटून, जरा मागून. मी डेक बंद केला. ती थांबली. पुन्हा लावला, दोन ओळींनंतर पुन्हा आली. मी स्वतःला समजावलं की मेलेल्या स्पीकरची तार कुठेतरी टेकली असेल. हे वाक्य मनात म्हटलं आणि 'मेलेल्या' ह्या शब्दाशीच अडखळले.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. फक्त गाणं असलं की, फक्त मी एकटी असले की. भीती वाटायची का? वाटायची. मानेवरचे केस उभे राहायचे. पण त्याहून जास्त राग यायचा. म्हणजे कावळा खरंच बोलला होता तर. जीव गाडीतच राहिलाय. घरात, जिथे मी रात्रंदिवस असते, तिथे एक भांडंसुद्धा वाजत नाही, आणि इथे बडीशेप काय, दिवे काय, गाणी काय. मी गाडीत बसून मोठ्यानं म्हणायची, "घरी यायला काय झालं होतं?" उसातून पाखरं उडायची, एवढंच.

तेव्हा मी ठरवलं की गाडी विकायची नाही ना, नाही विकत. पण तिला अशी बदलेन की हिच्यात राहणाऱ्याला ही ओळखू येऊ नये. डॅशबोर्ड उन्हानं फुटला होताच, त्याच्या भेगांत बोट जायचं. तो काढून नवा मढवायचा आणि स्पीकर दोन्ही नवे टाकायचे. अन्वरचं दुकान रेल्वे स्टेशनच्या बाजूला, गाड्यांची सजावट आणि वायरिंग करतो. ह्यांच्या ओळखीचा. त्याच्याकडे एरवी महिनाभर नंबर लागत नाही. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, ह्या पित्रांच्या दिवसांत गिऱ्हाईक न्हाई. तुमी आत्ताच आना गाडी. शनिवारी आना, तुमची सकाळची शाळा असती ना?"

त्याच शनिवारी दुसऱ्या दिवशीच्या तिथीसाठी भाऊजी सोनईहून भाज्या घेऊन आले. गवार, भेंडी, अळूची पानं, कारली, भोपळा. पिशवी ओट्यावर ठेवली आणि गाडी कुठे चालली म्हणून विचारलं. मी सांगितलं.

ते खाली बसले. "वहिनी, पित्रात नवं घालत्यात व्हय गाडीला?"

"नवं कुठं, भाऊजी? जुन्याचीच डागडुजी आहे."

"स्पीकर जुनंच हायेत का?"

मी पिशवीतली अळूची पानं काढून ओट्यावर ठेवली. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उद्या दादाची तिथ. म्या नदीत उभं ऱ्हाऊन शब्द दिलाय त्याला. दोन दिस थांबा की."

"शब्द विकण्याबद्दल होता. मी कुठं विकतेय?"

"तसं न्हाई वो," ते म्हणाले. टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग हळूच म्हणाले, "उद्या कावळा न्हाई शिवला तर?"

 मी पाय मागे घेणाऱ्यांतली नाही आणि रागानं निघालेलं माणूस तर अजिबातच घेत नाही. किल्ली उचलली आणि निघाले. वाटभर डेक लावला नाही.

भादव्यातलं ऊन मोठं फसवं असतं. दिसतं कोवळं आणि अंगातून घामाच्या धारा काढतं. अन्वरच्या दुकानापुढे चतुरांचा थवा गाडीवर घिरट्या घालत होता. त्यानं डॅशबोर्डचे स्क्रू काढले, मला स्टूल दिलं, चहा मागवला. डॅशबोर्ड उचलून बाहेर ठेवला तेव्हा गाडीचं तोंड उघडं पडलं. नुसत्या तारा आणि नळ्या. मला बघवेना. पंख्याच्या नळीत हात घालून त्यानं मूठभर काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. बडीशेप. "साहेब गाडी चालवता चालवता खायाचे ना," तो म्हणाला, "सांडत सांडत गेलीये आत. किलोभर निघंल." पुढे डेकमागची तार दाखवली, उंदरानं कुरतडून उघडी केलेली. ऊन लागलं की पत्रा फुगतो, तार टेकते, दिवा लागतो.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोन गोष्टी बघता बघता गेल्या, बडीशेप त्यानं झाडूनं लोटली, तारेला टेप गुंडाळली. इतकं सोपं होतं. ज्याच्याशी मी इतके दिवस भांडत होते तो उंदीर निघाला. आता राहिली होती एकच गोष्ट आणि माझ्या लक्षात आलं की ती मला जायला नको आहे. रागावून का होईना, रोज कुणाशी तरी बोलणं होत होतं.

तरी मी म्हटलं, कारण सांगायलाच हवं होतं, "आणि तो डावा स्पीकर बघ. गाणं लागलं की घुमतो."

अन्वरचा हात थांबला. "कोनता?"

"डावा. बाजूच्या सीटचा."

तो पक्कड घेऊन उठला. डाव्या दाराशी जाऊन बसला, दाराचं आतलं पॅड उचकटलं. जाळीमागे स्पीकर होता. त्याचा कागदी पडदा मधोमध फाटलेला, कडा झडून गेलेल्या, आणि सगळ्यावर धुळीचा जाड थर, कुठेही न हललेला. मागे हात घालून त्यानं तार बाहेर ओढली. ती स्पीकरला लागलेलीच नव्हती. नीट कापलेली, टोकाला काळी टेप, टेपचा डिंक वितळून त्यालाही धूळ चिकटलेली.

"ह्यो घुमनार कसा मॅडम," तो म्हणाला. "ह्याची तार तर मीच कापली हुती. लई वर्षं झाली."

"तू? का?"

त्यानं पक्कड खाली ठेवली. "साहेबांनी सांगितलं हुतं. मॅडमचं डावं डोकं दुखतं, तिकडून आवाज नको. मी म्हनलं, डेकवर बटन असतं, डावीकडचा आवाज कमी करा. तर म्हनले, बटनं तीच फिरवते, तिला कळंल. कळलं तर भांडंल, माज्यासाठी काय करू नका म्हनंल. बंद पडला म्हनून सांगतो." मग जरा ओशाळून म्हणाला, "तुमाला सांगू नको म्हनले हुते. आता साहेब न्हाईत म्हनून सांगितलं."

रस्त्यावरून टेम्पो गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत मी स्टुलावर तशीच होते. हातातल्या चहावर साय धरली होती. माझ्यासाठी कुणी काही केलेलं मला कळलं की मी ते उधळून लावते, हे खरंच आहे. माझ्या नवऱ्यानं ते ओळखून वर्षानुवर्षं माझी बोलणी खाल्ली, 'करू की' म्हणत, आणि माझ्या कानाशी आवाज नको म्हणून स्वतःचंही तोंड मिटून घेतलं. आणि मला प्रवरेचा काठ आठवला. भाऊजींनी गाडीकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं, कावळ्यानंही पाहिलं असेल. त्या वेळी गाडीत मी बसले होते. आम्ही सगळ्यांनी, इतक्या जाणत्या माणसांनी, अडकलेला जीव ओळखताना पत्रा तेवढा बघितला.

रडले का? रडले. अन्वर पाठ करून डॅशबोर्डला रेक्झीन चिकटवत बसला.

पत्रा घुमत असेल, असं तो नंतर म्हणाला. दाराचा पत्रा जुना, आतली रबरं गेली, उजव्याचा आवाज तिकडे आपटत असेल. असेलही. आता भाऊजी मला दर वर्षी पित्रांत विचारतात, "गाडी बरी हाय ना?" आणि मी "बरी आहे" म्हणते, त्यात आमचं सगळं बोलून होतं. दुसऱ्या दिवशी कावळा आला का, हेही लोक विचारतात. आला. खीर खाऊन गेला. पण तोपर्यंत मला त्याच्याकडून काही कळून घ्यायचं उरलं नव्हतं.

त्या शनिवारी संध्याकाळ व्हायच्या आत काम झालं. डॅशबोर्ड काळाभोर, गुळगुळीत, नव्या रेक्झीनचा वास. उजव्या दारात नवा स्पीकर बसला. डाव्याचा खोका हातात घेऊन अन्वरनं विचारलं, "हा बसवू? तार जोडू?"

"राहू दे आज," मी म्हटलं. जुना फाटका त्यानं दुकानाच्या फळीवर ठेवला, नवा खोक्यातच राहिला. डाव्या दारात नुसतं गोल भोक, आत अंधार.

घर दोन मिनिटांवर, पण मी घरी गेले नाही. नेवाशाच्या रस्त्याला लागले. उन्हं उतरत होती, उसाच्या सावल्या रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेल्या, एका बाजूला सोयाबीन पिवळं पडत चाललेलं. वारा पडला होता. काचा वर केल्या. डेक लावला. उजवीकडून गाणं सुरू झालं, नव्या स्पीकरवर इतकं स्वच्छ की गाणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. पहिलं कडवं गेलं. काही नाही. माझे हात चाकावर घट्ट झाले. दुसरं कडवं सुरू झालं.

आणि डावीकडून, जिथे स्पीकर नव्हता, तार नव्हती, काहीच नव्हतं, तिथून गुणगुण आली. हळू. तोंड मिटून. गाण्याच्या जरा मागून.

अंगावर काटा आला. पण मी गाडी थांबवली नाही, डेककडे हात नेला नाही, बाजूला बघितलंही नाही. रस्त्यावर नजर ठेवून म्हटलं, "आज डोकं दुखत नाहीये माझं. मोकळ्या गळ्यानं म्हणा."